लोड कमी, तरी मॉस्फेट तापतो: स्विचिंग नेमकं कुठे रखडतं ते शोधणं

तक्रार नेहमीची आहे. २४ व्होल्टची डीसी मोटर, पीडब्ल्यूएम (वेग ठरवायला सप्लाय सतत चालू-बंद करणं) २० किलोहर्ट्झ, करंट १० अँपिअर. ही उघडझाप करणारा स्विच म्हणजे मॉस्फेट, इथे आयआरएफझेड४४एन (पुढे नुसतं झेड४४): ५५ व्होल्ट, ४९ अँपिअर, ऑन रेझिस्टन्स १७.५ मिलीओहम. हिशोब केला तर १० × १० × ०.०१७५ म्हणजे १.७५ वॅट. छोट्याशा हीटसिंकवर तो जेमतेम कोमट व्हायला हवा. प्रत्यक्षात थोड्याच वेळात त्याला बोट लावता येत नाही. मग मॉस्फेट लहान पडतोय असं समजून आयआरएफ३२०५ लावला जातो. त्याचा ऑन रेझिस्टन्स फक्त ८ मिलीओहम. तो आधीच्यापेक्षाही जास्त तापतो.

यात गूढ काही नाही. मॉस्फेटला तीन पाय: करंट ड्रेनमधून सोर्सकडे जातो, आणि गेटवरचं व्होल्टेज त्याला चालू-बंद करतं. गेटच्या मिलर चार्जची (उघडझाप होताना गेट-ड्रेनमधल्या कपॅसिटन्सला द्यावा किंवा त्यातून काढावा लागणारा चार्ज) डेटाशीटमधली कमाल मर्यादा झेड४४ला २३ नॅनोकूलंब आहे, ३२०५ला ५४. गेट चालवणारं सर्किट तेच ठेवलं तर ३२०५ला ऑन-ऑफ व्हायला दुपटीहून जास्त वेळ लागतो. चालू असतानाचं नुकसान अर्ध्यावर आलं, पण उघडझाप होतानाचं दुपटीच्या पुढे गेलं.

पॉवर मॉस्फेट स्वतः मंद नसतो. बायपोलर ट्रान्झिस्टरमध्ये बंद होताना बेसमध्ये साठलेला चार्ज उपसावा लागतो, तसं इथे काही नाही. गेटवरचं व्होल्टेज बदललं की चॅनल त्याच्या मागोमाग बदलतं. वेळ जातो तो गेटवर चार्ज पोचवण्यात आणि काढून घेण्यात. ड्रायव्हरचा (गेट चालवणाऱ्या सर्किटचा) करंट किती, मधे रेझिस्टन्स किती, सोर्सच्या पायाचा इंडक्टन्स किती आणि समोरचा डायोड कोणता, या चार गोष्टींवर वेग ठरतो. दुरुस्तीही यांपैकीच एका जागी असते.

आधी खात्री करा: हे स्विचिंगचंच नुकसान आहे का?

ड्यूटी (सायकलचा किती भाग चालू) आणि लोड तेच ठेवून फ्रिक्वेन्सी निम्मी करा. हीटसिंकचं तापमान खोलीच्या तापमानापेक्षा जितकं वर जात होतं, ती वाढ जवळपास निम्मी झाली तर नुकसान स्विचिंगचं आहे. काहीच फरक पडला नाही तर मॉस्फेट पूर्ण ऑनच होत नाही, म्हणजे गेटला व्होल्टेज कमी पडतंय. झेड४४चा ऑन रेझिस्टन्स १० व्होल्ट गेटला दिलेला आहे आणि त्याचा थ्रेशोल्ड (ज्या गेट व्होल्टेजला तो चालू व्हायला लागतो) २ ते ४ व्होल्टमध्ये कुठेही असू शकतो. आर्डुइनोच्या ५ व्होल्टवर त्याचा भरवसा धरता येत नाही. तिथे आयआरएलझेड४४एन हवा, कारण त्याचा रेझिस्टन्स ५ व्होल्टलाही दिलेला असतो.

ही चाचणी मोटरवर करू नका. फ्रिक्वेन्सी कमी केली की मोटरच्या करंटमधला रिपल वाढतो आणि निष्कर्ष गढूळ होतो. ट्रकचे २४ व्होल्ट ७० वॅटचे तीन-चार हेडलाइट बल्ब समांतर जोडा. थंड फिलामेंट सुरुवातीला खूप करंट ओढते, म्हणून ड्यूटी हळूहळू वाढवा. रेझिस्टिव्ह लोडवर स्विचिंगचं नुकसान मोटरपेक्षा कमी दिसतं, पण फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात बदलतं, आणि आपल्याला तेवढंच तपासायचंय.

५० हर्ट्झच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरमध्ये हा शोध घेऊच नका. सेकंदाला पन्नास वेळा उघडझाप करताना स्विचिंगचं नुकसान नगण्य असतं. तिथे तापण्याचं कारण जास्त करंट, सैल जोड किंवा सॅच्युरेट होणारा ट्रान्सफॉर्मर असतं. आर्डुइनोच्या मूळ ४९० हर्ट्झवरही तेच. मोटरची शिट्टी बंद करायला टायमर बदलून ३१ किलोहर्ट्झ केलं जातं, तिथून हा प्रश्न सुरू होतो.

स्कोपवर गेट बघा

ऑसिलोस्कोपचा प्रोब १० एक्सवर ठेवा. मगरचिमट्याची लांब ग्राउंड वायर काढून प्रोबसोबत आलेली छोटी स्प्रिंग लावा. टोक गेटच्या पायावर, स्प्रिंग सोर्सच्या पायावर, दोन्ही मॉस्फेटच्या अंगाला चिकटून. ग्राउंड दूर कुठेतरी पकडलं तर स्कोप नसलेलं रिंगिंग (व्होल्टेजची थरथर) दाखवतो आणि माणूस नसलेल्या दोषाच्या मागे लागतो. सुरुवात खालच्या बाजूच्या मॉस्फेटपासून करा. वरच्या बाजूच्या मॉस्फेटचा सोर्स उड्या मारत असतो. त्याला साध्या स्कोपचं ग्राउंड लावलं तर अर्थमधून शॉर्ट होऊ शकतं, त्यासाठी डिफरन्शियल प्रोबच हवा.

गेटचं व्होल्टेज सरळ रेषेत चढत नाही. आधी थ्रेशोल्डपर्यंत जातं. तोवर ड्रेनला काहीच कळत नाही, हा फक्त उशीर. तिथून साधारण ५-६ व्होल्टपर्यंत चढताना ड्रेनचा करंट शून्यापासून पूर्ण होतो. मग रेषा आडवी होते. हा मिलर टप्पा. इथे करंट पूर्ण असतो आणि ड्रेनचं व्होल्टेज २४ वरून खाली येत असतं. ड्रायव्हर देतो तो सगळा चार्ज गेट आणि ड्रेन यांच्यामधल्या कपॅसिटन्समध्ये जातो, म्हणून गेट जागचा हलत नाही. ड्रेन तळाला पोचला की रेषा पुन्हा चढून १२ व्होल्टला जाते. नुकसान मधल्या दोन भागांत होतं, त्यातही आडव्या टप्प्यात सर्वात जास्त. तो किती लांब आहे ते मोजा. या एका मापावरून पुढचा बहुतेक निर्णय होतो.

आता आकडे घाला. गेटला १२ व्होल्ट, मधे १ किलोओहमचा रेझिस्टर, मिलर टप्पा ५.५ व्होल्टला. ऑन होताना गेटला मिळणारा करंट (१२ − ५.५) ÷ १००० म्हणजे ६.५ मिलिअँपिअर. २३ नॅनोकूलंब भरायला ३.५ मायक्रोसेकंद. बंद होताना ५.५ मिलिअँपिअर, म्हणून ४.२ मायक्रोसेकंद. नुकसान = अर्धा × २४ × १० × ७.७ मायक्रोसेकंद × २०,००० = साधारण १८.५ वॅट. १.७५ वॅटच्या हिशोबावर हीटसिंक निवडला होता, त्यावर दहापट बोजा पडला. त्याच गणिताने ३२०५ला ४३ वॅट येतात. २४ व्होल्टला खरा मिलर चार्ज डेटाशीटच्या आकड्यापेक्षा थोडा कमी असतो, पण चित्र बदलत नाही.

रेझिस्टर १० ओहमचा केला आणि चांगला ड्रायव्हर लावला, ड्रायव्हरचा स्वतःचा रेझिस्टन्स ७ ओहम धरला, तर हेच टप्पे साधारण ६० आणि ७० नॅनोसेकंदांवर येतात. नुकसान ०.३ वॅट.

इथे एक चूक फार जण करतात. डेटाशीटमधला इनपुट कपॅसिटन्स, झेड४४साठी १४७० पिकोफॅरड, घेऊन १ किलोओहमने गुणतात आणि दीड मायक्रोसेकंद काढतात. तो आकडा २५ व्होल्ट ड्रेनवर मोजलेला असतो. ड्रेन खाली येताना गेट-ड्रेन कपॅसिटन्स कितीतरी वाढतो, शिवाय त्याला पूर्ण ड्रेन व्होल्टेजचा झोल पार करावा लागतो. वेळेचा हिशोब नेहमी नॅनोकूलंबमध्ये करा.

ऑन पटकन, ऑफ सावकाश

टीएल४९४ या पीडब्ल्यूएम आयसीच्या सर्किटमध्ये हा दोष सर्रास सापडतो. कलेक्टर, म्हणजे ८ आणि ११ नंबरचे पाय, १२ व्होल्टला. एमिटर, म्हणजे ९ आणि १०, गेटला. गेटवरून ग्राउंडला ४.७ किलोओहम. आतला ट्रान्झिस्टर २०० मिलिअँपिअर देऊ शकतो, म्हणून ऑन होणं ठीक दिसतं. बंद करायला मात्र तो रेझिस्टर एकटाच असतो. मिलर टप्प्यात ५ व्होल्टला त्यातून जेमतेम १ मिलिअँपिअर वाहतो. ३२०५चे ५४ नॅनोकूलंब काढायला ५० मायक्रोसेकंद लागतात. ५० किलोहर्ट्झला पूर्ण सायकलच २० मायक्रोसेकंदांची आहे! मॉस्फेट बंदच होत नाही, समोरचा ऑन होतो, आणि पुशपुलमध्ये (दोन मॉस्फेट आळीपाळीने चालणाऱ्या सर्किटमध्ये) दोन्ही एकत्र उडतात. आयसी निर्दोष असते. मॉस्फेट बदलून पुन्हा चालू केलं की पुन्हा तेच.

रेझिस्टर कमी करत जाणं हा उपाय नाही. १ किलोओहमलाही १० मायक्रोसेकंद लागतात, आणि त्याखाली गेलं की रेझिस्टर आणि आयसी दोघंही तापतात. त्याऐवजी असं करा: एमिटरच्या पायावरून ग्राउंडला १ किलोओहम ठेवा. त्याच पायावरून गेटकडे १एन४१४८ डायोड, पट्टी गेटच्या बाजूला. आता २एन२९०७ घ्या: एमिटर गेटला, बेस आयसीच्या पायाला, कलेक्टर थेट मॉस्फेटच्या सोर्सला. आयसी बंद झाली की १ किलोओहम बेसमधून ४ मिलिअँपिअरच्या आसपास ओढतो आणि ट्रान्झिस्टर गेटमधून त्याच्या शंभरपट, म्हणजे ४०० मिलिअँपिअर काढतो. १० मायक्रोसेकंदांचं काम सव्वाशे-दीडशे नॅनोसेकंदांत होतं. बीसी५५७ इथे लावू नका. त्याची करंटची मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे. या जोडणीत गेट पूर्ण शून्याला न जाता ०.७ व्होल्टला थांबतं. २ व्होल्ट थ्रेशोल्डच्या मॉस्फेटला ते चालतं. लॉजिक लेव्हलच्या मॉस्फेटचा थ्रेशोल्ड गरम झाल्यावर आणखी खाली येतो, तिथे मात्र फारसं अंतर उरत नाही.

पीसी८१७ने थेट गेट चालवलं असेल तर तेही याच प्रकारात मोडतं. हा ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल पोचवणारा भाग) १०० ओहम लोडवरसुद्धा मायक्रोसेकंदांत चालतो, आणि किलोओहमचा रेझिस्टर लावला की फारच मंदावतो. आयसोलेशन हवं असेल तर टीएलपी२५० हा गेट चालवायचाच ऑप्टोकपलर लावा आणि त्याच्या ८ आणि ५ नंबरच्या पायांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर अगदी जवळ ठेवा.

ड्रायव्हर निवडताना

करंट = चार्ज ÷ वेळ, एवढंच सूत्र. चार ३२०५ समांतर असतील तर मिलर चार्ज २१६ नॅनोकूलंब होतो. एसजी३५२५ने २०० मिलिअँपिअर दिले तर टप्पा १ मायक्रोसेकंदाच्या वर जातो. आयआर२१०४ची किमान हमी १३० मिलिअँपिअरची आहे. एका ३२०५ला ०.४ मायक्रोसेकंद लागतात. २० किलोहर्ट्झला हे खपून जाईल, १०० ला नाही. आयआर२११० २ अँपिअर देतो, टीसी४४२० ६ अँपिअर. डेटाशीटवरचा पीक करंट आऊटपुट जवळपास शॉर्ट असताना आणि पूर्ण सप्लायवर मोजलेला असतो. मिलर टप्प्यात ड्रायव्हरवर व्होल्टेज कमी उरतं, म्हणून हिशोबात त्या आकड्याचा निम्माच धरा.

समांतर मॉस्फेटना प्रत्येकी वेगळा गेट रेझिस्टर द्या, ४.७ ते २२ ओहम. एकाच रेझिस्टरवर चार गेट बांधली तर ती आपसात ऑसिलेट करतात.

नवा ड्रायव्हर लावूनही टप्पा आखूड झाला नाही, तर प्रोब ड्रायव्हरच्या सप्लायच्या पायांवर न्या. पल्सच्या क्षणी १२ व्होल्ट ९ वर कोसळताना दिसतील. ३२०५ला पूर्ण ऑन करायला १४६ नॅनोकूलंब लागतात. सप्लाय ०.१ व्होल्टपेक्षा जास्त खचू द्यायचा नसेल तर १.५ मायक्रोफॅरड हवेत. २.२ मायक्रोफॅरडचा एक्स७आर सिरॅमिक पायांना चिकटवा. दोन इंचांवरचा इलेक्ट्रोलिटिक या वेगाला उपयोगाचा नाही.

सोर्सचा पाय

ड्रायव्हर भरपूर, रेझिस्टर छोटा, तरी करंट एका वेगापलीकडे चढत नाही. ही टीओ-२२० पॅकेजची खरी मर्यादा आहे. झेड४४च्या डेटाशीटमध्ये सोर्सच्या पायाचा इंडक्टन्स ७.५ नॅनोहेन्री दिलाय. १० अँपिअर १० नॅनोसेकंदांत चढवायचे म्हटलं तर त्या पायावर ७.५ व्होल्ट तयार होतात, आणि ते गेटच्या १२ व्होल्टमधून वजा होतात. चिपला उरतात ४.५ व्होल्ट, म्हणजे मिलर टप्प्याच्याही खाली. त्यामुळे मॉस्फेट स्वतःच स्वतःला आवर घालतो आणि तो वेग गाठलाच जात नाही. ड्रायव्हर ६ ऐवजी १२ अँपिअरचा लावला तरी फरक पडणार नाही.

जे हातात आहे ते करा. पाय जितका लांब ठेवाल तितका मिलिमीटरमागे जवळपास एक नॅनोहेन्री वाढतो, म्हणून अंगाजवळ सोल्डर करा. ड्रायव्हरचं ग्राउंड पॉवर ट्रॅकवर कुठेतरी जोडू नका. वेगळा ट्रॅक थेट सोर्सच्या पायाच्या मुळाशी आणा. गेटची वायर आणि तिची परतीची वायर एकमेकींना पीळ घालून न्या. त्याहून पुढे जायचं तर पॅकेज बदलावं लागतं: चौथा, खास गेटसाठीचा सोर्स पाय असलेलं टीओ-२४७-४, किंवा पाय नसलेलं सपाट एसएमडी पॅकेज.

टप्पा आखूड आहे, तरी तापतोय

मोटरवरचा डायोड बघा. १एन४००७ किंवा १एन५४०८ लावलेला असेल तर बाकी काही शोधू नका. हे मेन्स रेक्टिफायरचे डायोड आहेत; उलट व्होल्टेज आलं की बंद व्हायला त्यांना मायक्रोसेकंद लागतात. तेवढा वेळ मॉस्फेट ऑन होताच सप्लाय थेट डायोडमधून शॉर्ट होतो. २४ व्होल्टला एमबीआर२०१०० सारखा शॉटकी लावा. जास्त व्होल्टेजला एमयूआर१५६०.

हाफ ब्रिजमध्ये (वर-खाली दोन मॉस्फेट असलेल्या सर्किटमध्ये) समोरच्या मॉस्फेटचा बॉडी डायोड, म्हणजे त्याच्या आतच असलेला डायोड, हे काम करतो. आयआरएफ५४०एनचा डायोड बंद होताना ५०० नॅनोकूलंबच्या आसपास चार्ज उपसावा लागतो, झेड४४चा १७०. तुम्ही जितक्या वेगाने ऑन कराल तितका त्या उलट करंटचा झटका मोठा. शिवाय ड्रेन झपकन वर गेला की मिलर कपॅसिटन्समधून बंद मॉस्फेटच्या गेटमध्ये करंट शिरतो आणि तो क्षणभर ऑन होऊ शकतो. डेटाशीटमध्ये गेट-ड्रेन चार्ज गेट-सोर्स चार्जपेक्षा जास्त असेल (झेड४४ला २३ विरुद्ध १४) तर हा धोका खरा समजा. उपाय: ऑन सावकाश, ऑफ झटपट. गेट रेझिस्टर २२ ओहम आणि त्याला समांतर १एन५८१९, पट्टी ड्रायव्हरकडे.

एक फसवा प्रसंग सांगून ठेवतो. हलक्या लोडवर बंद होताना ड्रेन आळसावल्यासारखा चढताना दिसला तर घाबरू नका. गेट केव्हाच बंद झालेलं असतं, आणि लोडचा अपुरा करंट ड्रेनचा कपॅसिटन्स भरत असतो. ०.१ अँपिअरला २४ व्होल्ट चढायला शे-दीडशे नॅनोसेकंद लागणारच. यात उष्णता जवळजवळ नाही.

नकली माल

सगळं बरोबर असूनही आकडे जुळेनात तर मॉस्फेटच तपासा. मोठ्या नंबरचा छाप मारलेली छोटी चिप बाजारात मिळते. गेटला १० व्होल्ट देऊन ड्रेन-सोर्समधून ५ अँपिअर सोडा आणि पायांच्या मुळाशी व्होल्टेज मोजा. ३२०५ला ४० मिलिव्होल्ट किंवा कमी यायला हवेत. शंभर आले तर तो ३२०५ नाही. स्वस्त कंपोनंट टेस्टर गेटचा कपॅसिटन्स दाखवतो. तो त्याच नंबरच्या खात्रीच्या तुकड्याशी ताडून बघा. बराच कमी आला तर चिप लहान आहे.

वेग वाढवल्यावर येणारं रिंगिंग

नुकसान गेलं की पुढचा प्रश्न हा. वायरिंगमध्ये ५० नॅनोहेन्री शिल्लक असतील आणि १० अँपिअर २० नॅनोसेकंदांत तोडले तर २५ व्होल्टचा स्पाइक येतो. २४ मध्ये मिळवले की ४९. मॉस्फेट ५५ चा आहे. आधी डायोडचा कॅथोड आणि मॉस्फेटचा सोर्स यांच्यामध्ये १ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक किंवा फिल्म कपॅसिटर अगदी जवळ लावा, लूप लहान करा. उरलेल्यासाठी स्नबर, म्हणजे रिंगिंग शमवणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी.

स्नबरची किंमत अंदाजाने ठरवू नका. ड्रेनवरच्या रिंगिंगची फ्रिक्वेन्सी मोजा, समजा ४० मेगाहर्ट्झ आली. ड्रेन-सोर्सला छोटे कपॅसिटर वाढवत जा, फ्रिक्वेन्सी निम्मी, म्हणजे २० होईपर्यंत. समजा १ नॅनोफॅरड लागला. सर्किटमधला मूळ कपॅसिटन्स त्याच्या तिसरा हिस्सा, ३३० पिकोफॅरड. ४० मेगाहर्ट्झवरून इंडक्टन्स निघतो ४८ नॅनोहेन्री, आणि ४८ नॅनोला ३३० पिकोने भागून वर्गमूळ काढलं की १२ ओहम. १२ ओहम आणि १ नॅनोफॅरड सिरीजमध्ये, ड्रेन-सोर्सच्या पायांवरच. वायरवाउंड रेझिस्टर चालणार नाही, तो स्वतःच इंडक्टर असतो. कार्बन किंवा एसएमडी घ्या.

रेझिस्टरची वॅटेज कपॅसिटन्स × व्होल्टेजचा वर्ग × फ्रिक्वेन्सी. २४ व्होल्ट, २० किलोहर्ट्झला साधारण १२ मिलीवॅट, पाव वॅटचा रेझिस्टर पुष्कळ झाला. तेच सर्किट उचलून २३० व्होल्ट मेन्सवरच्या सप्लायमध्ये लावलं, जिथे डीसी बस ३१० व्होल्टच्या आसपास असते आणि फ्रिक्वेन्सी ५० किलोहर्ट्झ, तर त्याच १ नॅनोफॅरडमुळे रेझिस्टरवर ४.८ वॅट पडतात. तिथे मूळ कपॅसिटन्स पुन्हा मोजून स्नबर नव्याने काढा.